हळदीचं बोट

'नीरजा' जहाजाच्या इंजिनखोलीत काजळी नव्हती. अंगाला चिकटून पार घरापर्यंत येणारा तेलाचा तो जुना वासही नव्हता. भिंती दुधासारख्या पांढऱ्या, जमीन अशी लख्ख की पाट मांडून जेवायला बसावं. आणि इंधनखोलीच्या दारावर एक काळी पाटी, पाटीवर हिरवं शून्य. हवा स्वच्छ आहे, खुशाल आत जा, एवढाच त्या शून्याचा अर्थ. अकरा महिने ते जागचं हललं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी त्या शून्याखाली रघुनाथ पालशेतकर हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभे होते. जहाजाचे फिटर. अठ्ठावन्न वर्षांचे, गुहागरकडचे, आणि ही त्यांची शेवटची सफर.

"सेकंडबाय, हळद पुरायची नाय गो," ते म्हणाले. "एवढ्याशा पुडीत इंजिन न्हाऊ घालू की पंप?"

"बोटं बारीक ओढा, काका," दुर्वा म्हणाली.

दुर्वा कवठेकर जहाजाची सेकंड इंजिनिअर. हळद तिच्याच घरची. सांगलीजवळच्या गावात तिच्या आईने उभा जन्म अंगणात कुंकू केलं. दर सफरीला ती दुर्वाच्या बॅगेत दोन पुड्या सारायची, एक पिवळी, एक लाल. 'जहाजावर कुणाला लावू गं आई?' असं दुर्वा दरवेळी विचारायची, आणि आई दरवेळी म्हणायची, 'जे तुला पाण्यावर धरून ठेवतं, त्याला लाव.'

काकांनी पाने, हातोड्या, ठोकण्या ओळीने मांडल्या. तीन मजले उंच इंजिनाच्या अंगावर पाच बोटं ओढली. इंधनखोलीत जाऊन पंपांना लावली, दोन्ही दारांना लावली. इंधनखोलीला दोन दारं होती, मध्ये माणूसभर जागेची चिंचोळी खोली. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे आतली हवा बाहेर यायला नको. काकांनी तिचं नाव ठेवलं होतं माजघर.

उदबत्ती नव्हती, निरांजन नव्हतं. या जहाजावर काडी ओढायची सोय नव्हती.

"वासाशिवाय पूजा म्हणजे मिठाशिवाय कालवण," काका पुटपुटले.

"वास आला तर पळायला लागेल, काका." हे म्हणत चीफ इंजिनिअर नचिकेत ओक आत आले. चपला बाहेर काढून त्यांनी इंजिनाला हात जोडले, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "मापाड्यालापण लावा एक बोट. नाहीतर रुसून बसायचा."

सगळे हसले. मापाडी हे नाव दुर्वाने दिलेलं, हळदबाजारात माप घालणाऱ्या माणसावरून.

या जहाजाच्या पोटात डिझेल होतं ते ठिणगीपुरतं आणि अडीअडचणीपुरतं. बाकी सारा जाळ अमोनियाचा. नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला बिलगलेले हायड्रोजनचे तीन. त्यात कार्बन मुळातच नाही, म्हणून त्याच्या जाळातून कार्बन डायऑक्साइड निघायचा प्रश्नच नाही. पण हे इंधन भारी आळशी. लवकर पेटत नाही, पेटलं तर रेंगाळत जळतं, थोडं न जळताच धुराड्यातून सटकतं. जाळाचं गणित चुकलं तर त्यातून नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट पुढे. म्हणून कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्षणी किती घास भरवायचा, हे ठरवायला एक नियंत्रक बसवलेला होता, तोच हा मापाडी. तो आपला आपण शिकायचा. सिलिंडरमधला दाब, धुराड्यातला वायू, पाण्याचा जोर, सगळं मोजायचा आणि रोज थोडा शहाणा व्हायचा. पहिल्या सहा महिन्यांतच त्याने इंधनाचा पाचवा हिस्सा वाचवला. एका जहाजावरचा मापाडी जे शिके ते कंपनीच्या बाकीच्या तीन जहाजांवरचे, 'गिरिजा', 'वनजा' आणि 'शैलजा'वरचे, त्याच दिवशी शिकत.

मग इंजिनात वाचवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने आजूबाजूला पाहायला सुरुवात केली.

इंधनखोलीचे पंखे अष्टौप्रहर पूर्ण वेगाने फिरत, वीज खात. खोलीत गळती शून्य. मग पंखे एवढे कशाला? चार महिन्यांपूर्वी पडद्यावर विचारणा आली होती: पंख्यांचा वेग एकदशांश करावा, दिवसातून एकदा, साडेदहाला, दहा मिनिटं पूर्ण वारा द्यावा. मान्य? दुर्वाने आकडे पाहिले. ते बरोबर होते. तिने अंगठा ठेवला. कंपनीकडून शाबासकी आली, आणि या सफरीनंतर चीफच्या परीक्षेसाठी शिफारसपत्र देईन, असं ओकसाहेब स्वतःहून म्हणाले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहाला ती फेरी मारत इंधनखोलीपाशी आली. दोन्ही दारांना जाड काचा होत्या. पहिल्या काचेतून माजघर दिसे, दुसऱ्या काचेतून आतले पंप. टाकीतला अमोनिया उणे तेहतीस अंशांवर थंड करून पातळ ठेवलेला, म्हणून आतल्या भिंतींना, दारांना सदा घाम सुटलेला. पंपांवरची हळदही ओलीच होती.

ओली होती आणि लाल होती.

दुर्वाने काचेला कपाळ टेकवलं. कुंकू ओघळलं असेल, असं तिला आधी वाटलं. पण कुंकवाचा टिळा वर होता, आपल्या जागी. त्याच्या खालची हळदीची पाच बोटं, काल पिवळीधमक ओढलेली, आता विटकरी झाली होती, कुणीतरी आतून पुन्हा गिरवल्यासारखी. काल दुपारपासून त्या खोलीत कुणी गेलं नव्हतं.

दाराच्या वर हिरवं शून्य.

ती धावत वर गेली. ओकसाहेब फोनवर होते, त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागलं. दोघं खाली आली तेव्हा पावणेअकरा झाले होते. आत पंख्यांचा वारा नुकताच थांबला होता. काचेपलीकडे पाच बोटं पिवळी होती. झेंडूसारखी.

ओकसाहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"अगं, झोपलीस का काल नीट?"

"सर, मी बघितलंय."

"काय बघितलंस? हळद लाल झाली? आणि मग पिवळी झाली? दुर्वा, परवा बंदराचे तपासनीस चढणार आहेत. त्यांना काय सांगू, आमच्या इंजिनाला सटवाई लागली म्हणून?" ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं तिला. "काकांना सांग, आतलं सगळं पुसून घ्या. संवेदकाच्या जाळीत हळद गेली तर उगाच नसती भानगड. शून्य आहे तोवर आपण सुखी आहोत."

अकराच्या सुमाराला काका ओला बोळा घेऊन आत गेले, वाऱ्यानंतर लगेच. पंप पुसले, आतल्या भिंती पुसल्या. परत आले ते हात झटकत.

"माजघरातलं एक ठेवलंय हां," ते हळूच म्हणाले. "आतल्या दाराच्या चौकटीवरचं. दारावरचं बोट पुसत नाय गो. आमच्या घरी ते आपलं आपण जाईस्तोवर ठेवतात. ओकसायबांना कशाला सांगायचं?"

"काका, तुमची चुन्याची डबी द्या."

"काय बाय माझे, ह्या वयात तंबाखू धरलीस?"

"द्या हो."

केबिनमध्ये येऊन तिने बशीत चिमूटभर हळद ओली केली. चुन्याचं बोट त्यात टेकवलं. हळद शहारल्यासारखी झाली आणि लाल पडली. हे तिला नवीन नव्हतं. अंगणात आई हळदीला चुन्याची निवळी पाजायची, हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे, आणि मुसळाच्या ठोक्यावर तिची ओवी चालायची:

पिवळी माझी लेक गं, चुन्याच्या घरी दिली
सांजेच्या आधी बाई, लाल होऊन गं आली

पुढे कॉलेजात दुर्वाला कळलं की आईच्या ओवीतला चुना म्हणजे अल्कली, आणि हळद अल्कलीला ओळखते. अमोनियाही अल्कलीच. पाण्याच्या थेंबात विरघळला की हळदीला तो चुन्यासारखाच भेटतो.

फरक एवढाच, की चुन्याचा रंग बसतो. बशीतली लाली तासाभराने तशीच होती. पंपावरची लाली आली आणि गेली. म्हणजे जे आलं ते हवेतून आलं, आणि वारा सुटला तेव्हा वाऱ्याबरोबर गेलं.

तिने संवेदकांची पुस्तिका उघडली. वायू हुंगणारे हे संवेदक जुने होत जातात तसे थोडे भरकटतात, म्हणून रोज सकाळी सहाला ते आपलं शून्य आपणच लावून घेत. त्या क्षणी भोवती जी हवा असेल ती स्वच्छ हवा, असं धरून चालत. गळती एकदम झाली तर ते किंचाळतील. पण गळती केसाएवढी असेल, पंखे मंद असतील, आणि वायू रोज पहाटेपर्यंत कालच्यापेक्षा चिमूटभरच जास्त साचत असेल, तर? तर संवेदक रोज सकाळी त्या चिमटीला शून्य म्हणायला शिकतील. वाऱ्यानंतर हवा खरोखर स्वच्छ झाली, तरी शून्याच्या खालचं त्यांना दाखवताच येत नव्हतं.

नाकाचंही तेच होतं. जहाजावर नवा माणूस आला की पहिले दोन दिवस म्हणायचा, 'कसला वास येतोय हो?' तिसऱ्या दिवशी विचारायचा थांबायचा.

आणि पंखे तिने मंद केले होते. तिच्या अंगठ्याने.

हे आत्ता सांगायला जायचं, तर आधी तो अंगठा सांगावा लागणार. हातात पुरावा काय, पुसलेली हळद. तिने स्वतःला समजावलं: उद्या सकाळी दहाला, वारा सुटायच्या आधी, ओकसाहेबांना माजघरातलं बोट दाखवू. लाल असलं तर त्यांच्याच डोळ्यांनी बघतील. एका रात्रीने काय होतंय? तिने शिफारसपत्राचा विचार केला नाही, असं नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊला ती नियंत्रणकक्षात आली. पडद्यावर रोजची जंत्री. वेग साडेबारा नॉट. उत्सर्जन मर्यादेत. मग एक ओळ: इंधनगाळणी तुंबली, पंपाचा दाब वाढला, काम फिटरकडे दिलं. त्याखाली दुसरी:

प्रवेश: पालशेतकर. वायू: शून्य. परवानगी: दिली.

वेळ तीन मिनिटांपूर्वीची.

दाब वाढला, म्हणजे जिथून केसाएवढं गळतंय तिथून आता दोरीएवढं गळत असणार. आणि तरीही शून्य, म्हणजे इतके दिवस वायूत राहून संवेदक पार बधिर झाले असणार. दुर्वा जिना उतरली की पडली, तिला पुढे कधी आठवलं नाही. गुडघा सोलला होता एवढं खरं.

बाहेरच्या दाराच्या काचेतून तिने माजघर पाहिलं. आतल्या चौकटीवरचं बोट. ते विटकरी नव्हतं. सवाष्णीच्या भांगासारखं लालबुंद होतं. आणि त्याच्या खाली, उंबऱ्यावर, काका आडवे पडले होते. परत फिरले होते बिचारे, बाहेरच्या दाराकडे हात लांब केलेला. कमरेपासून खालचं अंग इंधनखोलीत, वरचं माजघरात. आतलं दार त्यांच्या अंगाला लागून मागे सरे, पुन्हा लागे, पुन्हा मागे सरे. ते मिटत नव्हतं, म्हणून बाहेरचं उघडत नव्हतं.

दारावरच्या पाटीवर हिरवं शून्य.

"काका!" तिने काचेवर हात आपटला. त्यांची बोटं हलली. हलली, असं तिला वाटलं.

दार हाताने उघडायला तरफ होती. पण ती ओढली की आतला सगळा वायू बोळात, बोळातून इंजिनखोलीत. तिथे चार माणसं कामाला. दुर्वाने भिंतीवरचं लाल झाकण फोडलं आणि आणीबाणीचं बटण मुठीने दाबलं. इंधन तुटलं. अकरा महिने पायाखाली धडधडणारं ते तीन मजली धूड एक दीर्घ उसासा टाकून थांबलं, आणि जी शांतता पसरली तिच्यात तिला आपल्या दातांचा आवाज ऐकू आला.

बोळातल्या पडद्यावर मापाड्याची विचारणा उमटली: थांबण्याचं कारण आढळत नाही. वायू: शून्य. पुन्हा सुरू करावं?

तिने पंखे हाताने पूर्ण सोडले. पाण्याचा फवारा सोडला, कारण अमोनिया पाण्याला भुकेला असतो, पाणी दिसलं की हवा सोडून त्यात शिरतो. आत धुकं भरलं. मागून पावलं वाजली. ओकसाहेब. त्यांनी काचेतून एकदा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"सगळ्यांना वर पाठवा, सर. मास्क लावा, नाहीतर तुम्हीही जा."

ते गेले नाहीत. आधी बोळातल्या भोंग्याची दोरी ओढली, इंजिनखोलीतली माणसं वर पळाली. मग हवेची नळकांडी दोन आणली, एक तिच्या पाठीवर चढवून पट्टे आवळले. बक्कल तीनदा सुटलं.

"पंख्यांचं मी मान्य केलं होतं," ती मास्कच्या आत जायच्या आधी म्हणाली.

"सही माझी पण आहे त्यावर," ते म्हणाले. "ओढ तरफ."

दार उघडलं. धुक्यात वाकून दोघांनी काकांना काखेत धरलं आणि ओढलं. त्यांच्या शर्टावर दसऱ्याच्या कामातला हळदीचा डाग होता, तोही लाल. बोळाच्या टोकाला पाण्याच्या धारेखाली बसवून दुर्वाने त्यांचे डोळे बोटांनी उघडे धरले, वीस मिनिटं, डोळे मिटू दिले नाहीत. त्यांच्या छातीतून शिट्टी वाजत होती. ती शिट्टी वाजतेय तोवर ठीक आहे, असं ती स्वतःशी म्हणत राहिली.

दुपारी नीरजा डिझेलवर चालू झालं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या धुराड्यातून धूर निघाला, काळा, जाडजूड, आणि सगळे खलाशी डेकवर येऊन त्याच्याकडे बघत उभे राहिले. जवळचं बंदर दीड दिवसावर होतं. मापाड्याने दिवसाचा अहवाल लिहिला: उत्सर्जन मर्यादेबाहेर, कारण मानवी हस्तक्षेप. वायू: शून्य.

काकांना औषधाच्या केबिनमध्ये ठेवलं होतं. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, नाकाला प्राणवायू. दुर्वा उशाशी बसली होती. आईच्या पुडीतली उरलेली हळद कालवून तिने केबिनच्या दारावर एक बोट ओढलं होतं, आणि ते सुकू नये म्हणून दर थोड्या वेळाने त्यावर पाण्याचं बोट फिरवत होती. सुकी हळद काही सांगत नाही.

"बाय," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "रंग कुठला हाय?"

"पिवळा आहे, काका."

"खरं सांगतंस ना?"

"तुमच्या गळ्याशपथ." ती उठली, जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. पिवळाच होता.

"मी पुसलं नाय म्हणून सायब ओरडले नाय ना?"

"नाही ओरडले. मीच आदल्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं, काका. मला कळलं होतं."

शिट्टी वाजत राहिली. मग त्यांचा हात चादरीवरून चाचपडत आला आणि तिच्या सोललेल्या गुडघ्यावर थांबला. तिला वाटलं, यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ओकसाहेबांनी कंपनीला कळवलं होतं. कंपनीने मापाड्याचे आकडे पाहून विचारलं होतं, गळती नक्की कुठे आहे? चारही जहाजांच्या पाट्यांवर शून्य आहे. मग दुर्वाने सरळ तिन्ही जहाजांच्या इंजिनखोल्यांना संदेश धाडला. मोठं काही लिहिलं नाही. भटारखान्यातून हळद आणा, ओली करा, इंधनखोलीच्या दाराला आतून लावा. नाकाला मास्क लावून. रंग कळवा.

'गिरिजा'वरून अर्ध्या तासात उत्तर आलं. आधी थट्टा, 'मॅडम, लग्न कुणाचं?' आणि दोन मिनिटांनी खाली एकच शब्द: पिवळी.

'वनजा'वरून तासाने: कडेला तांबूस होतेय. पंखे पूर्ण सोडले, इंजिन थांबवलं. माणसं वर काढली. तुमचे आभार कसे मानू.

"तिसरं जहाज कुठलं?" काकांनी विचारलं.

"शैलजा."

"त्याच्यावर किती माणूस?"

"एकवीस."

तिने शैलजाच्या इंजिनखोलीत फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. वर सुकाणूपाशी, ब्रिजवर लावला. पुन्हा इंजिनखोलीत लावला. ओकसाहेब दारात येऊन उभे राहिले, त्यांच्याही हातात फोन, त्यांचाही वाजत होता. त्यांनी नुसती मान हलवली.

तेवढ्यात तिच्या फोनच्या पडद्यावर शैलजाचं नाव उमटलं.

"आलं काय गो?" काका उशीवरून मान उचलायला बघत होते. "रंग काय म्हणतात?"

दुर्वाने वाचलं. माणसाने लिहिलेलं नव्हतं ते. शैलजा. वेग तेरा नॉट. उत्सर्जन मर्यादेत. वायू: शून्य.

तिने पुन्हा फोन लावला. पाच मिनिटांनी तेच पुन्हा आलं. आणि त्यानंतर पाच मिनिटांनी, पुन्हा.